खोडलेली नावं

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. कवितेबद्दल नाही, जुन्या शाळेबद्दल नाही (म्हणजे शाळा मध्ये येईलच, सत्तरी उलटलेल्या मास्तरांकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार!). आज लिहायचंय ते संगणकातल्या नोंदींबद्दल. त्या कुठे राहतात, किती ठिकाणी राहतात, आणि मुख्य म्हणजे पुसल्या की खरंच पुसल्या जातात का. घाबरू नका. मी मराठी माध्यमातला बी.ए., मराठी आणि इतिहास शिकवला. मला जेवढं समजलं तेवढंच सांगणार आहे, आणि मला समजलं म्हणजे ते कुणालाही समजेल.

सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरपासून करतो. ज्यांनी शाळेत नोकरी केलीय त्यांना हे रजिस्टर म्हणजे काय चीज असते ते ठाऊक आहे. मुलगा शाळेत आला की त्याची नोंद त्यात होते: अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा. मुलगा शाळा सोडून गेला म्हणून त्याची ओळ कुणी पुसत नाही. शेवटच्या रकान्यांत शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा लिहायचा. तो अनुक्रमांक पुन्हा दुसऱ्या मुलाला मिळत नाही. खाडाखोड चालत नाही, पांढरा रंग लावणं तर सोडाच. शाळा सोडून गेलेल्याची जन्मतारीख दुरुस्त करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. म्हणजे या पुस्तकात काही काढून टाकायचं असेल तर त्यात आणखी काहीतरी लिहावं लागतं. नवीन आलेल्या शिक्षकांना हे फार विचित्र वाटायचं. मला कधी वाटलं नाही.

आता आमच्या सूनबाईंकडे येतो. ती संगणक अभियंता आहे. करोनाच्या साथीपासून घरून काम करते, आणि चामटोलीच्या आमच्या घरात माडीवरची खोली म्हणजे तिचं ऑफिस. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांचे अहवाल साठवून ठेवणारी कंपनी आहे. तुम्ही सकाळी रक्त देऊन येता आणि संध्याकाळी मोबाइलवर अहवाल येतो, तो मधल्या वेळात ज्या यंत्रांमध्ये असतो त्यातली ४८ यंत्रं ही आणि तिचे तीन सहकारी सांभाळतात. निम्मी मुंबईत, निम्मी हैदराबादेत. रात्री दोन-दोन वाजता तिचा फोन कोकलतो. एकदा मी विचारलं, "अगं, एवढं काय बिघडतं त्यात?" तर म्हणाली, "बाबा, बिघडत काही नाही. एक यंत्र म्हणतं पेशंट आहे, दुसरं म्हणतं नाही. तिसऱ्याला विचारायचं असतं."

तेव्हापासून माझी शिकवणी सुरू झाली. चहाबरोबर रोज पंधरा मिनिटं. फी म्हणून मी तिच्या मुलाचा गृहपाठ घेतो.

तर त्या यंत्रांवर जी प्रणाली चालते तिचं नाव कॅसँड्रा. फेसबुकमधल्या अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक या दोन अभियंत्यांनी ती लिहिली, लोकांना आपल्या पत्रपेटीत जुने संदेश शोधता यावेत म्हणून. यातले लक्ष्मण त्याआधी ॲमेझॉनमध्ये होते आणि तिथल्या डायनॅमो नावाच्या प्रणालीवर २००७ साली जो प्रसिद्ध शोधनिबंध आला त्याच्या लेखकांपैकी एक. जुलै २००८ मध्ये फेसबुकनं कॅसँड्रा सगळ्यांसाठी खुली केली, आणि फेब्रुवारी २०१० पासून ती अपाची फाउंडेशन या संस्थेच्या मुख्य प्रकल्पांपैकी एक आहे. गंमत अशी की त्याच २०१० साली फेसबुकनं आपल्या नव्या संदेशसेवेसाठी मात्र कॅसँड्रा न घेता एचबेस ही दुसरी प्रणाली घेतली. पोर ज्या घरात जन्मली त्या घरानंच सून दुसरीकडून आणली! कारण पुढे येईल.

या प्रणालीची मूळ कल्पना साधी आहे. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती काढायच्या आणि तीन वेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या. कुणी मुख्य नाही, कुणी दुय्यम नाही. मुख्याध्यापकच नसलेली शाळा म्हणा. तीन शिक्षक, तिघांकडे एकेक रजिस्टर. एक आजारी पडला तरी शाळा बंद पडत नाही. विद्यार्थी वाढले तर आणखी शिक्षक आणायचे, रजिस्टरांची फेरवाटणी करायची. हजार शिक्षक झाले तरी पद्धत तीच. ॲपल कंपनीनं २०१४ साली सांगितलं होतं की त्यांच्याकडे ७५,००० हून जास्त यंत्रांवर कॅसँड्रा चालते. ७५,००० रजिस्टरं, आणि मुख्याध्यापक नाही... मला तर ऐकूनच घाम फुटला.

पण तीन रजिस्टरं म्हटली की तिन्ही सारखी आहेत कशावरून, हा प्रश्न आलाच. नोंद करताना तिघांनीही "लिहिलं" म्हणेपर्यंत थांबायचं, की एकानं म्हटलं की पुढे जायचं? कॅसँड्रा हा निर्णय वापरणाऱ्यावर सोडते, आणि दर वेळी वेगळा घेऊ देते. एकाचं ऐकलं तर काम झटपट, पण वाचणाऱ्याला जुनी नोंद मिळण्याची शक्यता. तिघांचं ऐकायचं ठरवलं तर एक जरी गैरहजर असला तरी काम ठप्प. मधला मार्ग म्हणजे बहुमत. लिहिताना तिघांपैकी दोघांनी हो म्हणायचं, वाचताना दोघांना विचारायचं. मग लिहिणारे दोघं आणि वाचणारे दोघं यांत एक तरी माणूस समान असतोच, त्यामुळे ताजी नोंद सापडते. गणित हा माझा विषय नव्हे, पण बोटांवर मोजून पाहिलं, आणि पटलं. करून बघा.

दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर? तर ज्याच्या नोंदीवरची वेळ नंतरची, त्याचं खरं. इथे मला हसू आलं. बदलापूरच्या लोकांना घड्याळाचं सांगायला नको. माझ्या उमेदीच्या काळात आमच्या भागात निम्म्या घरांतलं भिंतीवरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे असायचं, लोकल चुकू नये म्हणून. आता समजा एका यंत्राचं घड्याळ असं बदलापुरी असलं, तर त्यानं आधी लिहिलेली जुनी नोंद दुसऱ्याच्या नव्या नोंदीला हरवेल! सूनबाई म्हणाली, "हसू नका बाबा, असं खरोखर होतं." घड्याळं जुळवत ठेवणं हेही तिच्या कामात येतं म्हणे.

आता मुद्द्याचं. यंत्रं चालू आहेत पण मधली तारच तुटली, तर? मुंबईची २४ यंत्रं एकमेकांशी बोलताहेत, हैदराबादची २४ एकमेकांशी, पण मुंबई-हैदराबाद संपर्क नाही. कॅलिफोर्नियातले एरिक ब्रूअर नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी २००० साली मांडलं की अशा वेळी दोनच पर्याय उरतात. एकतर उत्तर द्यायचं, पण ते जुनं असू शकेल हे मान्य करून. नाहीतर उत्तरच द्यायचं नाही, संपर्क येईपर्यंत. दोन्ही साधता येत नाही. दोन वर्षांनी एमआयटीच्या सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी ते रीतसर सिद्ध करून दाखवलं.

इथल्या माणसाला तार तुटणं म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. २७ जुलै २०१९ ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस इथून जवळच, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती. आठवत असेल. सकाळपासून टीव्हीवर आकडे येत होते. कुणी म्हणे सातशे प्रवासी, कुणी म्हणे दोन हजार. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढल्यावर कळलं, १०५०. तो दिवसभराचा गोंधळ म्हणजे ब्रूअरसाहेबांचा पहिला पर्याय. उत्तर मिळत होतं, पण प्रत्येक जण आपल्याकडच्या प्रतीतून वाचत होता. दुसरा पर्याय असता तर टीव्हीवाल्यांनी तोवर "माहीत नाही" एवढंच सांगितलं असतं. ज्यांचं माणूस त्या गाडीत होतं त्यांना यातलं काय बरं वाटलं असतं, हे मी तरी ठरवू शकत नाही.

मी हे सगळं एवढ्या आवडीनं का शिकलो, ते आता सांगतो.

आमची ही २०१९ च्या फेब्रुवारीत गेली. त्याआधीच्या डिसेंबरात एका रात्री तिला एकदम धाप लागली म्हणून कल्याणकडच्या एका रुग्णालयात नेलं. आधीचे सगळे तपास तिथेच झालेले. डॉक्टरांना तिच्या मूत्रपिंडाचा मागचा अहवाल बघायचा होता, औषधाचं प्रमाण त्यावर ठरणार होतं. काउंटरवरच्या मुलानं संगणक उघडला आणि म्हणाला, "मुख्य सर्व्हरशी संपर्क होत नाहीये, काहीच दिसत नाही." अहवाल त्याच इमारतीत तयार झाला होता, मशीन वरच्या मजल्यावर होतं, पण कागद निघेना. शेवटी मुलगा मोटारसायकलवर चामटोलीला आला, कपाटातली फाइल घेऊन परत गेला. दोन तास. त्या रात्री कुणी मला विचारलं असतं की आठ दिवसांपूर्वीचा, कदाचित न जुळणारा अहवाल चालेल का, तर मी हात जोडून म्हटलं असतं, महिन्यापूर्वीचा असला तरी द्या.

ही त्या रात्रीतून सावरली. दोन महिने मिळाले.

आता दुसरी बाजू. ही गेल्यावर मी सगळीकडे कळवलं. नगरपालिकेत मृत्यूची नोंद केली (१९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत करायची असते). शिधापत्रिका, बँक, मतदार यादी, गॅस. दुपारभर रांगेत उभं राहायचं आणि खिडकीतल्या माणसाला तेच वाक्य सांगायचं. तिच्या मधुमेहाच्या गोळ्या एका औषध कंपनीकडून घरपोच यायच्या, त्यांनाही फोन करून सांगितलं. त्यांनी सहानुभूतीनं ऐकलं, नोंद काढून टाकतो म्हणाले, आणि खरंच संदेश बंद झाले. दीड वर्ष काही नाही. मग एका सकाळी, मी जास्वंदीला पाणी घालत होतो, फोन वाजला. तिचं नाव घालून संदेश: तुमच्या गोळ्या संपत आल्या असतील, मागवायच्या का? पुन्हा फोन, पुन्हा "काढून टाकतो". सात-आठ महिने शांतता. आणि परत. गेल्या श्रावणात तर वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, दहा टक्के सवलतीसकट.

सूनबाईला दाखवलं. तिनं संदेश वाचला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडे काय चालतं ते मला बाहेरून कळणार नाही. पण आमच्या प्रणालीत हे कसं होऊ शकतं ते सांगते."

तर ऐका. कॅसँड्रात पुसणं नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरसारखंच! नोंद काढायची म्हणजे तिच्यापुढे आणखी एक नोंद लिहायची: ही आता नाही. त्या शेऱ्याला टूमस्टोन म्हणतात. थडग्यावरचा दगड. असं का? कारण तीन प्रती आहेत. दोन यंत्रांनी ओळ सरळ पुसून टाकली आणि तिसरं त्या वेळी बंद होतं, तर ते जागं झाल्यावर म्हणेल, माझ्याकडे तर ही बाई आहे. बाकी दोघांकडे काहीच नाही. "काहीच नाही" याचा अर्थ दोन होतात: कधी नव्हतीच, किंवा होती आणि गेली. ते दोघं समजतात की आपल्याकडूनच लिहायचं राहून गेलं, आणि तिसऱ्याकडून उतरवून घेतात. गेलेलं माणूस तिन्ही रजिस्टरांत परत! म्हणून नुसतं नसणं पुरत नाही, गेल्याची नोंद असावी लागते.

पण दगड तरी किती साठवायचे? रोज लाखो नोंदी निघतात. वाचताना यंत्राला प्रत्येक दगड ओलांडून जावं लागतं. डिस्कॉर्ड नावाची गप्पा मारायची एक सेवा आहे, तिच्या अभियंत्यांनी २०१७ साली लिहिलं होतं की एका दालनातले लाखो संदेश कुणीतरी पुसले, शिल्लक राहिला एक, आणि तो एक दाखवायला यंत्राला वीस सेकंद लागायला लागले, कारण आधी ते सगळे दगड तपासायचे! तेव्हा दगडही कधीतरी काढावे लागतात. कॅसँड्रा त्यासाठी मुदत ठेवते. तुम्ही काही बदललं नाहीत तर ती ८,६४,००० सेकंद असते.

मी कागदावर भागाकार केला. दहा दिवस.

मी सूनबाईकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. "हो बाबा," ती म्हणाली, "आमच्या ऑफिसात सगळे याला दहावाच म्हणतात." त्या अमेरिकेतल्या मंडळींना आपला दहावा, सुतक काय ठाऊक असणार? योगायोगच. पण हिशेब तोच आहे. दहा दिवसांच्या आत गावोगावच्या सगळ्यांना कळलं पाहिजे की माणूस गेलं. ज्याला त्या मुदतीत कळलं नाही, तो पुढे भेटल्यावर "वहिनी कशा आहेत?" असं विचारणारच.

मुदतीत कळवण्याचं काम म्हणजे दुरुस्ती, त्यांच्या भाषेत रिपेअर. प्रत्येक यंत्र आपल्या प्रती इतरांशी ताडून पाहतं आणि फरक मिटवतं. एखादं यंत्र तीन तासांपर्यंत बंद असेल तर शेजारी त्याचे निरोप सांभाळून ठेवतात, जागं झालं की देतात. त्यापुढे मात्र शेजारधर्म संपतो, दुरुस्तीच करावी लागते. आणि ही दुरुस्ती दहा दिवसांच्या आत एकदा तरी पूर्ण झालीच पाहिजे. झाली नाही, दगड काढला गेला, आणि एखाद्या यंत्राकडे जुनी प्रत राहिली, की मेलेली नोंद उठून बसते. हिला ते झाँबी म्हणतात. आपल्याकडे याला बरेच शब्द आहेत, पण ते इथे लिहीत नाही.

आता कळलं असेल फेसबुकनं सून बाहेरून का आणली. प्रती आज ना उद्या जुळतील, मधल्या काळात थोडा फरक चालवून घ्या, हा कॅसँड्राचा स्वभाव त्यांच्या संदेशसेवेला मानवला नाही. एचबेसचा स्वभाव उलटा. तिथे प्रत्येक भागाला एक जबाबदार यंत्र असतं, ते पडलं तर दुसरं जागेवर येईपर्यंत थांबायचं, पण जे सांगेल ते एकच सांगेल.

आपल्या देशातलं या प्रकारचं सगळ्यात मोठं काम म्हणजे आधार, आणि त्याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातली. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये शंभर कोटींचा आकडा पार झाला. यामागेही हडूप, एचबेस, मायएसक्यूएल अशा खुल्या प्रणालींचा वापर झाला, हे मला सूनबाईकडून कळलं. मी समजत होतो की सरकारनं कुठल्या तरी बड्या कंपनीकडून एक अवाढव्य संगणक विकत घेतला असेल. तसं नाही. साधी यंत्रं पुष्कळ, आणि कुणालाही मिळतील अशा प्रणाली.

पण मला कुतूहल होतं ते दगडांचं. नवा माणूस नोंदवायला सगळे रांग लावतात, गेलेल्याची वर्दी कोण देणार? जन्म-मृत्यूचं रजिस्टर एका खात्याकडे, आधार दुसऱ्याकडे. २०२५ च्या जुलैत सरकारनं सांगितलं की मृत्यूच्या नोंदी ताडून १.१७ कोटी मृत व्यक्तींचे आधार क्रमांक निष्क्रिय केले. त्याच वर्षी घरच्यांना स्वतः मृत्यू कळवण्याची सोयही पोर्टलवर आली. आणि निष्क्रिय केलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला देत नाहीत. जनरल रजिस्टरचाच नियम! मला बरं वाटलं. मीही हिचा क्रमांक त्या सोयीतून कळवला. फॉर्म भरताना मृत्यूच्या दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक लागतो, तेवढा जवळ ठेवा.

उलट टोकाची गोष्टही आहे. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी यांना नातेवाइकांनी जमिनीसाठी कागदोपत्री मृत करून टाकलं होतं. १९९४ साली ते सरकारदरबारी पुन्हा जिवंत झाले, तोवर जवळजवळ दोन दशकं गेली. त्यांनी आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला. म्हणजे दगड चुकीच्या माणसावर बसला तर तो हलवणं किती जड जातं पाहा. म्हणून अभियंते मंडळी पुसण्याच्या बाबतीत इतकी सावध असतात, हे मला आता पटतं. आम्हा पेन्शनरांचा प्रकार तिसराच. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. दिला नाही तर पेन्शन थांबतं. कॅसँड्रात अशीही नोंद करता येते, ठरलेल्या मुदतीत नव्यानं लिहिली नाही तर आपोआप मावळणारी. सूनबाईनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे मी त्या जातीचा!"

असो. फार लांबलं. पण तिच्या ऑफिसातली गोष्ट सांगितल्याशिवाय संपवता येत नाही.

झालं असं की, या उन्हाळ्यात तिच्या साहेबांनी बैठक घेतली. अहवालांची यादी उघडायला वेळ लागतोय, डिस्कचं बिल वाढतंय, कारण दगड साचलेत. प्रस्ताव आला की दहा दिवसांची मुदत एका दिवसावर आणा. दगड भराभर निघतील, वाचणं जलद होईल. सूनबाईनं विरोध केला. तिच्या ४८ यंत्रांची एक दुरुस्ती पूर्ण व्हायला चार दिवस लागतात. चार दिवसांत जो निरोप पोचतो, त्याचा दगड एका दिवसात कसा काढणार? कुणीतरी म्हणालं, हजारात एखादी नोंद परत येईल, त्यानं काय बिघडतं. तिनं त्यांना माझ्या फोनवरचा तो वाढदिवसाचा संदेश सांगितला. (मला विचारून. मी हो म्हटलं होतं.)

कॅसँड्रा हे नावही कसं नेमकं आहे बघा. ट्रॉयची ती राजकन्या. तिला भविष्य दिसायचं, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असा शाप होता. आपल्याकडे सहदेवाबद्दल असंच काहीसं सांगतात, त्याला सगळं ठाऊक असायचं पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही. सूनबाई दोन वर्षं सांगत होती की दुरुस्तीला माणूस द्या. उत्तर ठरलेलं: प्रणाली तर फुकट आहे, मग खर्च कसला?

या "फुकट"वर माझं मत सांगतो. खुली प्रणाली म्हणजे गावची विहीर. पाण्याला पैसे पडत नाहीत, कुणी कुलूप लावत नाही. पण दर उन्हाळ्यात गाळ कुणीतरी उपसावा लागतो, आणि तो उपसणारा टँकरवाल्यासारखा बाहेरून येत नाही. तिच्या साहेबांनी टँकरचाही विचार केला होता, म्हणजे कॅसँड्रासारखीच सेवा एखाद्या बड्या कंपनीकडून महिन्याच्या भाड्यानं घ्यायची. रात्रीचे फोन त्यांना येतील. पण भाडं वाचन-लेखनाच्या हिशेबानं, आणि पुढे सोडून जायचं तर सगळा बाडबिस्तरा नव्यानं बांधायचा. शिवाय विहिरीचा मालक उद्या नियम बदलू शकतो. मोंगोडीबी या प्रणालीच्या कंपनीनं २०१८ साली आपला परवाना बदललाच होता. कॅसँड्रा एका कंपनीच्या मालकीची नाही, संस्थेची आहे, एवढी त्यातल्या त्यात खात्री. मला विचारलं असतं तर मी विहिरीच्याच बाजूनं बोललो असतो, पण माझी झोप मोडत नाही, तिची मोडते. त्यामुळे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

शेवटी तोडगा निघाला तो असा. मुदत एक दिवस नाही, दहाही नाही, सहा दिवस. दुरुस्ती सतत थोडी थोडी चालू राहील अशी व्यवस्था, म्हणजे दर तीन दिवसांत फेरी पूर्ण. त्यासाठी आणखी एक माणूस. सहा दिवसांहून जास्त काळ बंद राहिलेलं यंत्र तसंच परत आत घ्यायचं नाही, त्याची पाटी कोरी करून सगळ्या प्रती इतरांकडून नव्यानं उतरवून घ्यायच्या. आणि अहवाल वाचताना बहुमत, पण रात्री संपर्क तुटलाच तर एका प्रतीतूनही दाखवायचा, वर तारीख-वेळ ठळक घालून, "हा अहवाल ताजा नसू शकेल" अशा शेऱ्यासह. ही शेवटची सूचना माझी आहे असं ती बैठकीत म्हणाली म्हणे. मी फक्त त्या डिसेंबरच्या रात्रीबद्दल बोललो होतो.

नव्या पद्धतीची पहिली फेरी एका शनिवारी रात्री सुरू झाली. वरच्या खोलीत पडद्यावर ४८ चौकोन, एकेक हिरवा होत जाणारा. साडेबाराला तिचे डोळे मिटायला लागले. मी म्हटलं, तू झोप, मला तशीही झोप येत नाही. काही लाल झालं तर उठवीन. ती खाली गेली. बाहेर पाऊस होता, वीज एकदा गेली, इन्व्हर्टरवर सगळं चालू राहिलं. तीनच्या सुमाराला एक चौकोन पिवळा झाला, मी उठून उभा राहिलो, तोवर तो परत हिरवा झाला. सकाळपर्यंत एकवीस झाले होते. उरलेले सोमवारी दुपारी.

औषधवाल्या कंपनीला सूनबाईनं माझ्या वतीनं रीतसर लेखी पत्र पाठवलंय. नुसतं "काढून टाका" नव्हे, "मृत म्हणून नोंद करा आणि ती नोंद ठेवा" असं स्पष्ट लिहिलंय. पोच आली आहे.